मदत हवी आहे: कंटेनरमध्ये एनमॅप चालेना, उद्या सकाळी काम आहे

शिरोलीकर: उद्या दहाला एका फौंड्रीचं नेटवर्क तपासायला जायचंय. कालीचा, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या लिनक्सचा, डॉकर कंटेनर (यंत्रातच प्रोग्रामसाठी केलेला वेगळा कप्पा) घेतला, नेटवर्क स्कॅन करणारं एनमॅप टाकलं, चालवलं की 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. आत मी रूटच आहे, सगळे अधिकार असलेला, मग अडवतंय कोण? दोन तास गेले. लवकर सांगा.

सुडो_आप्पा: विंडोज की लिनक्स? रन कमांड अख्खी टाक की लेका. आम्ही काय कुडमुडे जोशी?

दूधकट्टा: कंटेनरचा नाद सोड. व्हर्च्युअलबॉक्समध्ये काली टाक. मी २०१९ पासून तेच वापरतोय.

शिरोलीकर: साधीच कमांड. डॉकर रन, आयटी, आरएम. आता रात्री कुठं नवीन काय उतरवत बसू?

खाऊगल्ली: प्रिव्हिलेज्ड लाव, सगळ्या परवानग्या एकदम, विषय कट.

सुडो_आप्पा: कुलूप उघडेना म्हणून दारच उपटायचं व्हय? त्यानं होस्टची, म्हणजे तुझ्या मूळ यंत्राची, सगळी डिव्हाइसं कंटेनरच्या हवाली होतात. कालीतल्या एनमॅपच्या फाइललाच नेट-रॉ आणि नेट-ॲडमिन या नेटवर्कच्या परवानग्या चिकटवलेल्या असतात. डॉकर पहिली आपसूक देतो, दुसरी देत नाही. मग कर्नल फाइल सुरूच होऊ देत नाही, रूट असलास तरी. रन कमांडमध्ये कॅप-ॲड लावून नेट-ॲडमिन तेवढी दे.

खाऊगल्ली: घरच्या लॅपटॉपवर कोण येतंय हल्ला करायला!

दूधकट्टा: लॅपटॉप घेणार असशील तर १६ जीबी रॅमचाच घे.

शिरोलीकर: आप्पा, चाललं! पण घरच्या वायफायवर एकाही यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) दिसेना. होस्ट नेटवर्क, म्हणजे कंटेनरला थेट लॅपटॉपचं नेटवर्क, लावूनही तेच.

सुडो_आप्पा: म्हणजे विंडोज. पहिलं तेच विचारलं होतं. डॉकर डेस्कटॉप कंटेनर आभासी यंत्रात चालवतो, त्याचं होस्ट नेटवर्कही टीसीपी-यूडीपीपुरतंच. मॅक पत्ता विचारणारी एआरपीची हाक तुझ्या वायफायपर्यंत पोचतच नाही. लिनक्सचा लॅपटॉप ने, नाहीतर एनमॅप सरळ विंडोजवर टाक.

भट्टीवाला: फौंड्रीतच आहे म्हणून सांगतो, पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर, स्कॅन मारू नका. जुने पीएलसी तेवढ्यानंही गळपटतात, आणि भट्टीत धातू असताना ते परवडत नाही. मालकाचं लेखी पत्र घ्या, नाहीतर आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ आणि ६६ आहेच.

शिरोलीकर: भावाच्या लिनक्सवर काम झालं. पत्र घेतलं, पीएलसी वगळले. पण कमांड कालचीच होती. कंटेनरमधून बाहेर पडलो आणि रिपोर्टची फाइल गायब.

सुडो_आप्पा: आरएम होतं त्यात, बाहेर पडलं की कंटेनर पुसूनच टाकतं. फाइल होस्टवर ठेवणारा व्हॉल्यूम जोडला नव्हतास?

शिरोलीकर: तुम्ही सांगितलं कुठं? उद्या परत जायचंय, मालकाला काय सांगू तेवढं सुचवा.