घाटात काळ्या कड्याच्या मधोमध तो लाल पट्टा कसला असतो?

घाटवेडा:
परवा माळशेज उतरताना चहाला थांबलो तर समोर रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरात हातभर जाडीचा लालभडक पट्टा, नखानं खरवडला की भुकटी निघते, आणि वर-खाली दोन्हीकडे काळा कुळकुळीत कातळ. एक मित्र म्हणे लोखंड आहे, दुसरा म्हणे माती भाजलीय. सह्याद्री लाव्हाचा हे शाळेत घोकलंय, पण मग ज्वालामुखी होता कुठे? तोंड असलेला एक डोंगर दिसत नाही.

काळा_कातळ:
दोन्ही मित्र बरोबर आहेत, भांडू नका. ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. शंकूसारखा डोंगर नव्हताच, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा येऊन पसरत गेला, निवला, परत आला, असे थरावर थर. आत्ता झिजून उरलंय तेसुद्धा ५ लाख चौ. किमीच्या आसपास आहे. त्या भेगा बघायच्या तर धुळे-नंदुरबारकडे जा, भेगेत गोठलेला लाव्हा आजूबाजूचा खडक झिजल्यावर दगडी भिंतीसारखा उभा राहिलाय.
आता पट्टा. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला की खालच्या थराचा माथा ऊनपावसात कुजून माती होते (कुठे कुठे त्यात राखही असते), त्यातलं लोह गंजून लाल पडतं आणि मग पुढचा लाव्हा वरून येऊन ती भाजून काढतो. परत गेलास तर कडा नीट बघ, पट्ट्याची वरची कड सुरीनं कापल्यासारखी आणि खालची हळूहळू मुरमात विरत जाते.

मुक्काम_पोस्ट:
पण पाचगणीचं टेबललँड म्हणजे ज्वालामुखीचं तोंड ना? घोडेवाल्यानं छातीठोक सांगितलेलं 😅

काळा_कातळ:
घोडेवाल्याला नमस्कार सांगा. ती जांभ्याची टोपी आहे, बेसाल्टच (हाच लाव्हाचा काळा कातळ) कुजून बनलेली. ती कडक म्हणून माथा सपाट टिकला, बाजूचं वाहून गेलं.

विहीरवाला:
आम्ही त्या लाल थराला गेरू म्हणतो. बोअर मारताना गेरू लागला की डोक्याला ताप, ओला झाला की फुगतो आणि ढासळतो, केसिंग घातलं नाही तर बोअर गेलाच समजा. पाणी लागतं ते मुरमात नाहीतर फुटलेल्या मांजऱ्यात (तो पांढऱ्या ठिपक्यांचा भोकाभोकांचा दगड), अखंड पाषाणात कितीही खाली जा, नुसती धूळ आणि बिल.

घाटवेडा:
भारी! मग कड्यांना पायऱ्या पायऱ्या दिसतात त्यापण यामुळेच?

काळा_कातळ:
हो. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, तो सरळ कडा धरतो. माथ्याचा भाग गॅसच्या बुडबुड्यांनी पोकळ, तो लवकर झिजतो म्हणून तिथे उतार आणि झाडोरा, परत वरच्या थराचा कडा. म्हणजे डोंगर कोणी वर उचलून ठेवलेत असं नाही, सगळं पठारच होतं आणि नद्या-ओढ्यांनी मधलं नेलं, उरलं त्याला आपण कळसूबाई नि साल्हेर म्हणतो. थरांच्या गटांना नावंपण आपलीच आहेत, खालून वर इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी आणि वर महाबळेश्वर.

मुक्काम_पोस्ट:
आणि हे सगळं खाली किती खोल जातं?

काळा_कातळ:
सगळीकडे सारखं नाही. घाटाकडे जाड, पूर्वेला पातळ होत जातं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तर ३३८ मीटरलाच बेसाल्ट संपला, खाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक. कोयनेकडे मात्र काही ठिकाणी किलोमीटरभर जावं लागतं.