विषय: आईचं पपनस

नमस्कार मंडळी,
फोंड्याच्या आमच्या घरी विहिरीजवळ पपनसाचं जुनं झाड आहे. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या माटोळीत पपनस बांधायचं ते त्याचंच. विहिरीचा कठडा खचलाय, दिवाळीनंतर नवा बांधताना झाड पाडावं लागणार. आईचा जीव त्यात अडकलाय. बिया लावू म्हटलं, तर म्हणते बीचं झाड तसं निघत नाही. मी चवथीला दहाच दिवस येणार आहे. काही करता येईल?

---

आई बरोबर सांगतात. कागदी लिंबाची बहुतेक रोपं बीतूनही मूळ झाडासारखीच येतात. पपनसाच्या बीत एकच गर्भ, तोही परागातून झालेला, म्हणून फळ बदलतं. वर फळासाठी बरीच वर्षं थांबायचं. तू गुटी कलम कर, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची, आणि चवथीपर्यंत थांबू नकोस. आत्ता जूनअखेर आहे, पावसाळी हवा हेच गुटीचे दिवस.

पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी फांदी घ्यायची. खैऱ्या रोगाचे डाग असलेली नको. झाडाचा रोग कलमाबरोबर जातो. इंचभर रुंदीची साल गोल काढायची. आता महत्त्वाचं: सालीखालचा बुळबुळीत थर चाकूने पूर्ण खरवडायचा. माझ्या पहिल्या दोन गुट्या याच कारणाने गेल्या, त्या थरातून साल पुन्हा जुळली आणि मुळं फुटलीच नाहीत. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली जातं; वाट तुटली की ते कापलेल्या जागेपाशी साठतं, तिथे मुळं येतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहतं, म्हणून फांदी वाळत नाही.

वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर लाव, भिजवून घट्ट पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मूठभर बांध, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळून. आत पावसाचं पाणी गेलं तर कुजतं. दोन-तीन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतील. मग गुटीखालून काप, निम्मी पानं काढ, कुंडीत लावून सावलीत ठेव. जमिनीत पुढच्या जूनला, आणि काठीचा आधार हवाच. गुटीला सोटमूळ नसतं, आपल्याकडच्या वाऱ्यात आडवं होतं.

मी मडगावात असतो. रविवारी जाऊन बांधून येतो, आईंना कळव.

---

काका, आईला फोन केला. ती विचारते, तीन बांधाल का? एक मावशीला म्हापशाला द्यायची आहे.

---

पाच बांधतो. एखादी जातेच.