टिकतो कोण: बळकट, की ज्याचा वंश उरतो तो?

रानवाट (मोहोळ):
मुलाच्या विज्ञानाच्या वहीत परवा वाचलं, ‘जो बलवान तोच टिकतो, हा डार्विनचा सिद्धांत.’ हे चूक आहे आणि पोरांच्या मनात ते तसंच बसतं, याचं मला फार वाईट वाटतं. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हे शब्द इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४चे. डार्विननं ते आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या १८६९च्या आवृत्तीत घेतले. तिथं लायक म्हणजे परिस्थितीला जुळणारा, दांडगा नव्हे.

माझ्या मते ‘लायक’ कोण हे एका हंगामावर ठरवूच नये. बांधावरचा टाकळा बघा. बी नखानं दाबलं तर नखच दुखतं. पहिल्या पावसाला थोडंच उगवतं, बाकी मातीत पडून राहतं. मृगानं तोंड दाखवून महिनाभर ओढ दिली की उगवलेलं करपतं, मातीतलं वाचतं.

आता समजा, एका वाणाचं बी चांगल्या साली चौपट होतं आणि दुष्काळात शून्य. दुसऱ्याचं दोन्ही साली दीडपट. सरासरी पहिल्याची दोन, म्हणजे तोच सरस. पण एक चांगलं आणि एक दुष्काळी, अशा दोन सालांनी पहिला निर्वंश, दुसरा सव्वादोन पट. वंशाचा हिशेब बेरजेचा नसतो, गुणाकाराचा असतो. शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी १९६६ साली वाळवंटी झाडांच्या बियांबद्दल हेच गणित मांडलं.

कसोटी (सोलापूर):
गणित पटलं, व्याख्या नाही पटली. उरला तो लायक, आणि लायक कोण, तर उरला तो! यातून कळलं काय? तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनंही अशीच शंका काढली होती.

रानवाट:
पॉपरनं १९७८मध्ये ती मागे घेतली, तेही सांगा. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य फिंच या लहान, बी खाणाऱ्या पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७च्या अवर्षणात बारीक बी संपलं, कठीण बी उरलं आणि मोठ्या चोचीचे जास्त जगले. १९८३च्या प्रचंड पावसानंतर बारीक बी माजलं आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. कोण उरेल हे कळायच्या आधीच चोच मोजली होती, मग ‘उरला तो लायक’ असं हे गोल फिरणं कसं?

माळढोकप्रेमी (नान्नज):
दोघंही नशीब विसरताय. जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरांनी १९६८मध्ये मांडलं, की जनुकांतल्या रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल लायकीनं नव्हे, योगायोगानं पसरतात. आणि आमचा माळढोक? बहुधा एकच अंडं घालतो, अंगानं जड, डोळे बाजूला, त्यामुळं समोरची वीजतार दिसत नाही. माळावर तो युगानुयुगं टिकला. मग तारा आल्या त्या दिवशी तो नालायक ठरला का?

रानवाट:
किमुरांचं मान्य, पण चोच योगायोगानं वळत नाही. माळढोकाबद्दल मात्र तुमचंच खरं. लायकी एकट्या पक्ष्यात नसते, पक्षी आणि माळ मिळून असते. माळ बदलला, हिशेब बदलला.

कसोटी:
मग ‘लायक’ हा शब्दच टाका. पोरांना सांगा, ‘या माळावर, या सालांत, याची पिल्लं उरली.’

माळढोकप्रेमी:
आणि का उरली, तेही सांगा. नाहीतर वहीत पुन्हा ‘बलवान’च येईल.