विमानाला बँकेचं पासबुक चालतं, हे आपल्याला सांगणार कोण?

विडी घरकुलची सून

मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. दिरांकडे जाताना रेल्वेनं गेलो होतो, परतीचं तिकीट दिरांनी विमानाचं काढलं. तिकडच्या विमानतळावर दारातच अडवलं. हातात आधारचं लॅमिनेशन केलेलं रंगीत झेरॉक्स होतं. मूळ कार्ड हरवेल म्हणून घरी कपाटात. जवान म्हणाला, ओरिजिनल दाखवा.

सासूबाईंनी पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो लावलेलं पासबुक आणि विडी कामगाराचं ओळखपत्र. दोन्ही नको म्हणाले. मागं रांग वाढलेली, आणि सासूबाई पासबुकाचं पहिलं पान अंगठ्यानं दाबून धरून उभ्या, फोटोवरचा शिक्का नीट दिसावा म्हणून. वीसेक मिनिटांनी वरिष्ठ आले. पासबुक बघितलं, चेहरा बघितला, सोडलं.

घरी आल्यावर शोधलं. नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं २०१७ सालीच दहा प्रकारची ओळखपत्रं देशांतर्गत प्रवासाला चालतात असं ठरवून दिलंय. पासपोर्ट, मतदार कार्ड, आधार किंवा एम-आधार (फोनच्या ॲपमधलं आधार), पॅन, लायसन्स, सरकारी नोकरीचं कार्ड, सरकारी शिक्षणसंस्थेचं विद्यार्थी कार्ड, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटोवालं पासबुक, फोटोवालं पेन्शन कार्ड, अपंगत्वाचं फोटोवालं ओळखपत्र. म्हणजे सासूबाईंचा कागद पहिल्यापासून बरोबर होता!

माझं म्हणणं दोन गोष्टींचं. ही यादी प्रत्येक विमानतळाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. आणि विडी कामगाराचं कार्ड त्या यादीत घ्या. ते केंद्राच्या कामगार खात्याचं आहे, त्यावर फोटो आहे. चाळीस वर्षं विड्या वळलेल्या बाईची तीच खरी ओळख आहे.

सात रस्ता

ताई, सासूबाईंना त्रास झाला याचं वाईट वाटलं. पण मागणी पटत नाही. दारावरच्या माणसाला एका प्रवाशामागं काही सेकंद मिळतात. तेवढ्यात तिकिटावरचं नाव, कार्डावरचं नाव आणि समोरचा चेहरा जुळवायचा. पासबुकावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, शिक्का अर्धा पुसलेला, नाव हातानं लिहिलेलं. विडी कार्डाचं तेच. माझ्या मते यादी वाढवू नका, उलट चार-पाच कागदांवर आणा. आणि रंगीत झेरॉक्स काय, कुठल्याही दुकानात कुणाच्याही नावाचं निघतं. ते नाकारलं ते योग्यच झालं. फोनमध्ये एम-आधार किंवा डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रांचं ॲप) ठेवलं की कपाटातलं कार्ड हलवायचीही गरज नाही.

जुळे सोलापूर

फोनमध्ये ठेवा म्हणणं सोपं आहे, दादा. एम-आधार उघडायला ओटीपी लागतो. माझ्या आईचं आधार भावाच्या नंबरला जोडलेलं, भाऊ पुण्यात. तिच्याकडं फोन आहे तो बटणांचा. नंबर बदलायला आधार केंद्रात गेलो तर बोटांचे ठसे उमटेनात. उभा जन्म मागावर सूत जोडण्यात गेला, रेषा राहिल्यात कुठं? तीन खेपा झाल्या. तुम्ही यादी चारवर आणाल तेव्हा आधी हीच माणसं बाहेर राहतील.

आणखी एक, कार्डाचा फोटो काढून गॅलरीत ठेवणारे खूप आहेत. तो चालत नाही. ॲपमधून उघडलेलंच चालतं.

साखर पेठ

मला वाटतं कागदापेक्षा नावाचा घोळ मोठा आहे. आमच्या पद्मशाली घरांत आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी. आधारवर माझं माहेरचं नाव, मतदार कार्डावर सासरचं, आणि तिकीट काढताना मुलानं घरात हाक मारतो ते नाव टाकलेलं. दारात अडवल्यावर कुणाला बोल लावणार? तिकीट काढायच्या आधी कार्ड समोर ठेवायचं आणि त्यावरच्या अक्षरांप्रमाणंच नाव टाकायचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईनं बदलायलाही जाऊ नका. यात मी सात रस्तावाल्यांच्या बाजूनं आहे. नियम कडक असू दे, आपण तयारीनं जाऊ.

लहान मुलांचं विचारतात म्हणून सांगते. आईबाबांसोबत असेल आणि त्यांच्याकडं ओळखपत्र असेल तर मुलाला वेगळं लागत नाही. पण दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर वयाचा पुरावा मागतात. महापालिकेचा जन्मदाखला सोबत ठेवा.

होटगी रोड

पशुपतिनाथाला जाणाऱ्या मंडळींसाठी: नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं. नुसत्या आधारवर विसंबून निघू नका.

डिजियात्राचंही कुणीतरी काढेलच. डिसेंबर २०२२ पासून काही मोठ्या विमानतळांवर चेहरा दाखवून आत जाता येतं. ते ऐच्छिक आहे, सक्ती नाही. घेतलं तरी कार्ड जवळ असू द्या.

विडी घरकुलची सून

झेरॉक्सबद्दल सात रस्ता बरोबर आहेत. ती आमची चूक, मी मान्य करते. पासबुकाबद्दल मात्र नाही. नियमात असलेला कागद दारावरच्या माणसालाच माहीत नसेल तर काही सेकंदांचं कारण पुरत नाही.

आपल्या गावानं विमानासाठी किती वर्षं वाट पाहिली. विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून घराघरांत भांडणं झाली, १५ जून २०२३ ला ती पाडली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं, १५ ऑक्टोबरपासून मुंबईचं. आता त्यात कोण बसणार? 'सिद्धेश्वर' एक्सप्रेसनं रात्रभर मुंबईला जाणारीच माणसं ना? रेल्वेत एका तिकिटावर चौघं असतील तर एकानं ओळखपत्र दाखवलं की भागतं. तीच सवय घेऊन ही माणसं विमानाला येणार. त्यांना दारात शिकवायचं, की आधी पाटी लावायची?

सात रस्ता

पासबुक यादीत आहे हे मलाही माहीत नव्हतं. पाटीला माझा पूर्ण पाठिंबा, चारही भाषांत. विडी कार्डाला अजूनही विरोध. जुनी कार्डं हातानं लिहिलेली, ती खरी की खोटी हे दारात तपासायची सोय नाही. तशी सोय झाली तर बोलू. ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही त्यांना गट अ राजपत्रित अधिकाऱ्याचा फोटोसह ओळखीचा दाखला चालतो, ती वाट आहे.

विडी घरकुलची सून

राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायला विडी वळणाऱ्या बाईला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, दादा. एका दिवसात सही मिळाली तर.