सल्ला हवाय: हायस्कूलच्या पोरांना खेळाच्या क्षेत्रातली कामं कशी दाखवू? (बजेट १२,०००)

करवीरचा_पीटी_मास्तर: नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिकवतो. नववी-दहावीतली ११ पोरं-पोरी अशी आहेत की त्यांचं मैदान सुटत नाही, पण जिल्ह्याच्या पुढं कोणी खेळेल असं वाटत नाही. एक पोरगी कबड्डीचा गुणतक्ता असा लिहिते की पंच तिला विचारून गुण सांगतात. एक पोरगा वहीच्या मागच्या पानांवर नुसत्या जर्सी काढत बसतो. पालक म्हणतात, खेळून पोट भरत नाही. खेळाभोवतीही पोटं भरतात, एवढं मला दाखवायचंय. माजी विद्यार्थ्यांनी १२,००० रुपये दिलेत. शनिवारी दुपार मोकळी असते. काय घेऊ?

तांबडा_पांढरा: सर, डोळे झाकून कॅमेरा घ्या. मी ४८,००० चा घेतला, तिपाई वेगळी. मंडळाच्या सगळ्या मॅचेस शूट करतो. व्हिडिओ अ‍ॅनालिस्टला, म्हणजे मॅचचा व्हिडिओ बघून खेळ तपासणाऱ्याला, आता लई मागणी आहे. क्वालिटी म्हणजे नाद खुळा!

करवीरचा_पीटी_मास्तर: १२,००० आहेत ओ.

तांबडा_पांढरा: मग हप्त्यावर घ्या की.

मातीतला_गडी: कॅमेरा-बिमेरा राहू दे. पोरं आधी तालमीत घाला. १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकात पदक मारलं तेव्हा कुठला अ‍ॅनालिस्ट होता? दूध, बदाम, जोर-बैठका. मी स्वतः चौथीपासून मातीत आहे.

रंकाळ्याची_झुळूक: गडीभाऊ, अ‍ॅनालिस्ट नव्हता पण पैसे उभे करणारे होते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० दिले, म्हणून खाशाबा हेलसिंकीला गेले. वर्गणी गोळा करणं, प्रवासाचं बघणं, कागद करणं, याला आता स्पर्धा व्यवस्थापन म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. मास्तर तेच तर विचारतायत.

मातीतला_गडी: ते खरंय. पण दूध पाहिजेच.

शिट्टीवाला: मी फुटबॉलचा पंच. स्वस्तातला धंदा सांगतो. एक शिट्टी, दोन कार्डं, एक घड्याळ. नियम एकूण १७, नेटवर फुकट मिळतात. पोरांना शाळेच्या आंतरवर्ग मॅचेसना उभं करा. १४ वर्षांच्या पोराला वर्गमित्राला पिवळं कार्ड दाखवता आलं तर तो कुठंही टिकेल. मात्र एक सांगतो, एका पेठेच्या मॅचला मी पेनल्टी दिली आणि मागच्या दारानं, दुसऱ्याचं हेल्मेट घालून घरी आलो. ते हेल्मेट अजून माझ्याकडंच आहे.

पेठेतला_पाटील: ती पेनल्टी नव्हतीच.

शिट्टीवाला: कुठली मॅच ते मी सांगितलं पण नाही!

पेठेतला_पाटील: शाहू स्टेडियमला मी सगळ्याच बघतो. नव्हती.

वैतागलेला_बाप: स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या नावाखाली फसू नका, एवढंच लिहायला आलोय. थोरल्याला एका संस्थेत घातलं, अडीच लाख गेले. इंटर्नशिप म्हणजे काय, तर पाण्याच्या बाटल्या मोजणं आणि बिब (सरावाला जर्सीवरून घालायचे रंगीत बंडीसारखे कपडे) धुवायला नेणं. फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या चार पोरांशी बोला. माहितीपत्रकावरच्या नव्हे, तुम्ही स्वतः शोधलेल्या.

तांबडा_पांढरा: बाटल्या मोजणं पण काम आहे. आणि मॅच शूट करायला कॅमेरा लागतोच.

घोटा_मुरगळला: मी फिजिओथेरपिस्ट आहे, शाहूपुरीत प्रॅक्टिस. मास्तर, दहावीच्या पोरांना एक गोष्ट आजच सांगा: अकरावीला सायन्स घेऊन बायोलॉजी सोडली की बीपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, रस्ता बंद. इथं प्रवेशाला 'नीट' परीक्षा द्यावी लागते, हे निम्म्या पालकांना बारावीत कळतं. आणि मुरगळलेला पाय लगेच चोळायचा नाही. फडक्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं, पाय उशीवर. एक शनिवार मी फुकट येते, चिकटपट्ट्या तुमच्या.

मातीतला_गडी: आमचे वस्ताद चोळूनच बरं करायचे.

घोटा_मुरगळला: तुमच्या वस्तादांचे पेशंट नंतर माझ्याकडं येतात.

कागदपत्रं_जपा: सगळ्यात महत्त्वाचं कोणीच बोलेना. सर्टिफिकेट! सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पडताळणी झाल्याशिवाय त्या कागदाला किंमत नाही. माझ्या भाच्याचं पदक खरं, पण सर्टिफिकेटवर नाव चुकलेलं, दोन वर्षं हेलपाटे. आपला कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे बघा, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकात पदक मिळालं तेव्हा तो रेल्वेत नोकरीला होता.

रंकाळ्याची_झुळूक: मास्तरांनी लिहिलंय की ही पोरं जिल्ह्याच्या पुढं खेळणार नाहीत.

कागदपत्रं_जपा: मास्तरांना काय माहीत? पोरं कधी उसळतील सांगता येत नाही.

मिसळ_नंतर_बोलू: प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) आहे, पण तिथल्या डिप्लोमाला पदवी लागते. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेचं पण बघून ठेवा. त्या गुणतक्तेवाल्या पोरीला विचारा, कबड्डीत चढाईचा बोनस गुण कधी धरायचा. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच, असं पटकन म्हणाली तर तिला पंच परीक्षेचं बघायला सांगा. बाकी कॅमेऱ्याचं काय ठरलं?

करवीरचा_पीटी_मास्तर: तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे आभार. पोरीला बोनसचं विचारलं. ती म्हणाली, "सर, एवढं पण येत नसतं तर मी टेबलावर बसले असते का?" फिजिओ ताई, तुमचा शनिवार नक्की, चिकटपट्ट्या आणतो.

पैशाचं मात्र तुमचं कोणाचंच ऐकलं नाही. ओळखीतून जुनं हीट प्रेस मशीन ९,५०० ला घेतलं. जर्सीवर नाव-नंबर दाबायचं. स्टिकर बाहेरून छापून आणतो. गावच्या कबड्डी संघाच्या १२ जर्सींची ऑर्डर पोरांनी स्वतः आणली. जर्सीवाल्या पोरानं डिझाइन केलं, गुणतक्तेवाली हिशेब लिहिते. एक जर्सी तापमान जास्त झाल्यानं चकाकली, ती आम्ही भरून देणार. आणि ९ नंबर उलटा दाबल्यामुळं संघात सध्या दोन ६ आहेत.

शिट्टीवाला: दोन ६ चालणार नाहीत. पंच उभा करणार नाही.

तांबडा_पांढरा: उरलेल्या २,५०० मध्ये तिपाई येईल. माझी जुनी देतो.