मदत हवी आहे : मुक्त शैक्षणिक संसाधनांविषयी विद्यार्थ्यांचे खरे मत कसे विचारावे?

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते. आमचे विद्यार्थी मुक्त शैक्षणिक संसाधनांकडे, म्हणजे कोणालाही वापरण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा परवाना असलेल्या अभ्याससाहित्याकडे, कसे पाहतात हे समजून घेण्यासाठी गेल्या महिन्यात एक छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि तिथेच अडले आहे.

‘आपण मुक्त शैक्षणिक संसाधने वापरता का?’ या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी ‘होय’ असे उत्तर दिले. मला फार आनंद झाला. परंतु तास संपल्यावर चार-पाच जणांशी बोलले, तेव्हा त्यांच्या लेखी टेलिग्रामवर आलेली कोणतीही पीडीएफ मुक्तच असते, हे लक्षात आले. एका मुलीने स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स पुढे ठेवली. ती एका महागड्या पाठ्यपुस्तकाची प्रत होती, पानांच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा उमटलेला होता आणि इंग्रजी संज्ञांच्या डोक्यावर तिने पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठी प्रतिशब्द लिहिले होते : ‘सॅम्पल’वर ‘नमुना’, ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’वर ‘प्रमाण विचलन’.

ती प्रत माझ्या मनातून जात नाही. युनेस्कोच्या बैठकीत २००२ साली ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली, ती केवळ फुकट वाचण्यासाठी नव्हे, तर बदलण्यासाठी, भाषांतरासाठी आणि पुन्हा वाटण्यासाठी परवाना असलेल्या साहित्याकरिता. या मुलीने नेमके तेच काम केले आहे, पण अशा पुस्तकावर, की तिची मेहनत पुढच्या वर्गाला उघडपणे देता येणार नाही. हेच तिने राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या खुल्या पाठ्यपुस्तकांच्या उपक्रमातील संख्याशास्त्राच्या पुस्तकावर केले असते, तर मूळ श्रेय आणि परवान्याच्या अटी पाळून ते सर्वांसाठी खुले करता आले असते.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. ‘फुकट आहे, म्हणजे परीक्षेच्या कामाचे नसणार’ असे मुले स्पष्ट बोलतात. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससी यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाची, व्याख्याने त्यांना ठाऊक आहेत, परंतु शुल्क भरून परीक्षा दिल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रामुळे. एरवी ती विनामूल्य पाहता येतात, याकडे लक्ष जात नाही. मी त्यांना दोष देत नाही, कारण गाइडमध्ये आमच्या अभ्यासक्रमाच्या घटकांचा क्रम जसाच्या तसा असतो आणि खुल्या पुस्तकात तो शोधून जुळवावा लागतो. ते जुळवून देणे खरे तर आम्हा शिक्षकांचे काम आहे.

आता प्रश्नावली नव्याने करायची आहे. ‘मुक्त’ हा शब्द न वापरता, समोर दोन-तीन प्रत्यक्ष नमुने ठेवून ‘यातले काय बदलून मित्राला देता येईल?’ असे विचारावे, असे माझ्या मनात आहे. पण त्यामुळे मत तपासले जाईल की परवान्याची माहिती, अशी शंका येते. माहिती आणि वृत्ती वेगवेगळी मोजणारे प्रश्न कोणी मराठीत वापरले असल्यास कृपया त्यांची शब्दरचना येथे द्यावी. तसेच बेकायदा प्रतींविषयी विचारताना मुले घाबरून खोटी उत्तरे देऊ नयेत, यासाठी नाव न लिहिण्याची मुभा पुरेशी ठरते का, की प्रश्नावली शिक्षकाऐवजी दुसऱ्या कोणी भरून घ्यावी? पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी मसुदा पक्का करायचा असल्याने फसलेल्या प्रयोगांचे अनुभवही अवश्य कळवावेत.