गालाला थरावर थर अन् आतड्याला एकच ओळ, असं कावून?

धरमपेठची_आई: पोराचा नववीचा ऊतींचा पेपर आहे, अभिस्तर ऊतीचे (म्हणजे अवयवांवरच्या पेशींच्या अस्तराचे) प्रकार घोकून राहिला पण डोक्यात काही शिरून नाही राहिलं. वरून मलाच विचारते की गाल बी आतून ओला अन् आतडं बी ओलं, मग गालाला स्तरित पट्टकी (चपट्या पेशींचे थरावर थर) अन् आतड्याला स्तंभीय (उंच पेशींची एकच ओळ) कशाला? मी कॉमर्सवाली, काय सांगू बाप्पा.

मेडिकल_चौक: पोट्ट्याचा प्रश्न एक नंबर आहे. नावं राहू द्या ताई, आधी त्या जागी काम काय चालते ते पाहायला सांगा. गालाला दिवसभर घासाघीस, सकाळी गरम तर्री-पोहे, वरच्या पेशी सोलून निघतात अन् खालून नव्या येतात, म्हणून तिथं थर पाहिजेत. फुप्फुसाच्या वायुकोशात ऑक्सिजनला पटकन आरपार जायचं असते, तिथं एवढे थर ठेवले तर माणूस गुदमरून जाईन, म्हणून एकच चपटी ओळ, सरल पट्टकी. लहान आतड्यात शोषण करायचं, म्हणून पेशी उंच अन् त्यांच्या टोकावर बोटांसारखे बारीक सूक्ष्मांकुर, त्यानं जागा लय वाढते. पण एकच ओळ असल्यानं झिजते बी लवकर, 3 ते 5 दिवसांत अख्खं अस्तर नवीन होऊन जाते.

खामल्याचा_भाऊ: अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात हे लिहिलंच पाहिजे, त्याचा मार्क असते. वहीच्या कागदानं बोट वरच्यावर कापलं तर कधी कधी रक्त येतच नाही ना, कारण चीर वरच्या अभिस्तरातच राहते. त्याला खाणंपिणं खालच्या संयोजी (आधार देणाऱ्या, जोडणाऱ्या) ऊतीतून झिरपून भेटते.

मेडिकल_चौक: अन् आपल्या इकडचं उदाहरण म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखू घोटलेला. सुपारीनं गालाच्या अभिस्तराखालची संयोजी ऊती कडक होत जाते, मग तोंडच उघडत नाही, चमचा जायचे वांधे. तोंडाचे बहुतेक कॅन्सर याच पट्टकी पेशींतून निघतात. पानठेल्यावर उभ्या पोट्ट्यांना हे कोण सांगणार.

धरमपेठची_आई: आता समजलं! पण त्याच्या गाइडात तोंड अन् अन्ननलिका सरल पट्टकीत टाकले आहेत, तुम्ही तर स्तरित म्हणता?

मेडिकल_चौक: स्तरितच आहे, मायक्रोस्कोपखाली थर सरळ मोजता येतात. पण बोर्डाच्या पुस्तकात जे छापलं असेल तेच पेपरात लिहा म्हणा, तपासणाऱ्याशी वाद घालत बसू नका.